चेंचूंच्या देवाची दरी: सलेश्वरमला निघण्यापूर्वी

चैत्र पौर्णिमा जवळ आली की कोल्हापूरकडे जोतिबाच्या सासनकाठ्या निघतात आणि त्याच दिवसांत तेलंगणातील नल्लमला अरण्यात एक वाट मोकळी होते. ती वाट सलेश्वरमची. हैदराबादहून श्रीशैलच्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर गेल्यावर मुख्य रस्ता सोडायचा, जंगलातील कच्च्या रस्त्याने चेंचू आदिवासींच्या वस्तीपर्यंत जायचे आणि तेथून पायी खोल दरीत उतरायचे. दरीच्या तळाशी कड्यावरून कोसळणारे पाणी, त्याखाली कुंड आणि कड्याच्या पोटात गुहा. गुहेत लिंगमय्या, म्हणजे महादेवाचे लिंग. वर्षाचे बाकी दिवस हा भाग पर्यटकांना बंद असतो. जत्रेच्या तीन ते पाच दिवसांत मात्र लोकांची रीघ लागते.

पूर्वी या रांगेत आजूबाजूच्या तालुक्यांतील भाविकच असत. गेल्या काही वर्षांत हैदराबादचा तरुण वर्ग त्यात मोठ्या संख्येने दिसू लागला आहे. पाठीवर पिशवी, हातात काठी आणि मोबाइलमध्ये धबधब्याचे चित्रीकरण अशी ही मंडळी सलेश्वरमला ‘ट्रेक’ म्हणतात. समाजमाध्यमांवर आणि वृत्तपत्रांतही या ठिकाणाला ‘तेलंगणाचे अमरनाथ’ असे बिरुद मिळाले आहे. वाट बिकट, देव गुहेत आणि दर्शनाचे दिवस मोजके, एवढे साम्य त्याला पुरते. पण या बिरुदाने एक गोष्ट झाकली जाते. सलेश्वरमचा देव ज्यांचा आहे, ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आणि आजही जे त्याची पूजा करतात, त्या चेंचूंचे नाव त्यात कुठेच नाही.

गोव्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. श्रीशैल हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. तेथे जाणारे मराठी यात्रेकरू बहुधा हैदराबादहून मोटारीने निघतात, आणि त्यांचा रस्ता याच अरण्यातून, चेंचूंच्या वस्त्यांजवळून जातो. वास्को ते सिकंदराबाद थेट रेल्वेगाडी सुरू झाल्यापासून हा प्रवास आणखी सोपा झाला आहे. हैदराबादच्या तंत्रज्ञान कंपन्यांत नोकरी करणारी गोमंतकीय मुले सुटीच्या दिवशी कुठे जावे याचा शोध घेतात, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच नाव येते. शिवाय मल्लिकार्जुन हे नाव आपल्या काणकोणला काही परके नाही.

वाट कशी आहे

हैदराबादहून दक्षिणेकडे डिंडीचे धरण मागे टाकले की सपाट शेतीचा मुलूख संपतो आणि मन्ननूरचा घाट लागतो. मन्ननूरला वनखात्याचे तपासणी नाके आहे. येथून पुढे अमराबाद व्याघ्र प्रकल्प सुरू होतो. रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत या रस्त्यावरील वाहतूक बंद असते, म्हणून श्रीशैलला जाणाऱ्या गाड्याही तेथे पहाटेपर्यंत खोळंबून राहतात. मन्ननूरच्या पुढे फरहाबादच्या फाट्याशी मुख्य रस्ता सुटतो. जत्रेच्या दिवसांत येथून रामपूर पेंटा या चेंचू वस्तीच्या बाजूला वाहने सोडली जातात आणि उरलेली काही किलोमीटरांची वाट पायी तुडवावी लागते. दुसरी वाट लिंगाल या तालुक्याच्या गावाकडून येते. ती लांब आहे, पण जुन्या भाविकांना तीच अधिक जवळची वाटते.

पायवाट आधी पानगळीच्या जंगलातून जाते. एप्रिलमध्ये नल्लमलात झाडे बहुतेक उघडी झालेली असतात. पायांखाली वाळलेला पाला, डोक्यावर ऊन आणि बांबूची पिवळी पडलेली बेटे. मग एकाएकी जमीन तुटते आणि समोर दरी दिसते. उतरण खडकाळ असून काही ठिकाणी एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल इतकी अरुंद आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल उतार. उतरणारे लोक लिंगमय्याला मोठ्याने हाका मारतात, आम्ही येत आहोत असे त्याला कळवतात. परतणारे त्याच सुरात निरोप घेतात, जाऊन येतो म्हणतात. सबंध दरी या दोन हाकांनी भरलेली असते. ज्याला तेलुगू येत नाही त्यालाही दोन-चार वळणांनंतर त्यांचा अर्थ उमजतो.

ही वाट नुसती दमवणारी नाही, धोक्याचीही आहे. २०२३ च्या जत्रेत अरुंद उतारावर गर्दी कोंडली आणि भाविक दगावले. त्या वर्षी दर्शनाचे दिवस कमी केल्यामुळे गर्दी एकवटली, अशी टीका झाली. प्रशासनाची अडचणही समजण्यासारखी आहे, तिच्याकडे पुढे वळू.

देव कोणाचा

चेंचू ही नल्लमलाच्या डोंगररांगांत राहणारी जमात. कृष्णा नदीने या रांगा मधोमध कापल्या आहेत. उत्तरेकडचा अमराबादचा पठारी प्रदेश आज तेलंगणात, तर दक्षिणेकडचा भाग आंध्र प्रदेशात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशात चेंचूंची लोकसंख्या सुमारे ६४ हजार होती. केंद्र सरकारने ज्यांना विशेष दुर्बल आदिवासी गट ठरवले आहे, त्यांत चेंचूंचा समावेश होतो. ते तेलुगूच बोलतात, पण ती त्यांच्या वळणाची. त्यांच्या लहान वस्तीला ‘पेंटा’ म्हणतात. पाच-दहा झोपड्यांची पेंटा पाण्याच्या आसऱ्याने उभी राहते. कंद खणणे, फळे आणि डिंक गोळा करणे, धनुष्यबाणाने शिकार करणे आणि मध काढणे हे त्यांचे जुने जीवन. शेती त्यांच्याकडे फार उशिरा आली आणि अजूनही ती त्यांना पुरती मानवलेली नाही.

मधाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण सलेश्वरमसारख्या कड्यांशी चेंचूंचे खरे नाते त्यातून कळते. नल्लमलातील मोठ्या माश्यांची पोळी उंच कड्यांना लोंबकळत असतात. चेंचू माणूस वेलींचा किंवा दोराचा आधार घेऊन कड्यावरून खाली उतरतो, धूर करून माश्या हटवतो आणि पोळे कापतो. वर दोर धरायला बहुधा त्याच्या बायकोचा भाऊ असतो, असे सांगतात. आपल्या बहिणीचे कुंकू ज्याच्या हाती आहे तो दोर सोडणार नाही, हा त्यामागचा विचार. सख्खा भाऊ वाटणीसाठी घात करील, पण मेहुणा करणार नाही, हा हिशेब आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या अनुभवालाही पटण्यासारखा आहे.

नात्यागोत्याचा हाच धागा त्यांच्या देवांपर्यंत जातो. नल्लमलाच्या दक्षिण टोकाला अहोबिलम हे नरसिंहाचे क्षेत्र आहे. हिरण्यकशिपूच्या वधानंतर रानात संतापाने फिरणारा नरसिंह चेंचू मुलीवर भाळला, तिच्याशी त्याने लग्न केले आणि ती चेंचूलक्ष्मी झाली, अशी कथा आहे. चेंचूंच्या दृष्टीने नरसिंह आपला जावई आहे. संक्रांतीनंतर निघणाऱ्या ‘पारुवेट’ उत्सवात अहोबिलमची उत्सवमूर्ती चाळीस-एक दिवस गावोगाव फिरून आपल्या लग्नाचे आमंत्रण देते, आणि त्यात चेंचूंचा मान असतो. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाबद्दलही अशीच कथा आहे. चेंचू मुलीच्या प्रेमात पडलेला तो ‘चेंचू मल्लय्या’. संक्रांतीच्या उत्सवात श्रीशैल देवस्थान चेंचूंना देवाच्या लग्नसोहळ्यासाठी अगत्याने बोलावते.

या कथा मोठ्या देवळांनी आदिवासींना सामावून घेण्यासाठी रचल्या की आदिवासींच्या देवाला पुराणातील नाव मिळाले, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. सलेश्वरमला उभे राहिल्यावर मात्र हा वाद बाजूला पडतो. तेथे शिखर नाही, गाभारा नाही, वंशपरंपरेने नेमलेले भटजी नाहीत. पुजारी चेंचूच आहेत. पाणी, खडक आणि गुहा हेच देऊळ. श्रीशैलच्या मल्लय्याला चेंचू वर्षातून एकदा पाहुणे म्हणून भेटतात. सलेश्वरमच्या लिंगमय्याच्या घरी पाहुणे आपण असतो.

वाटेचे राखणदार

इतिहासातही हे नाते दिसते. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, कुतुबशहाची भेट घेऊन पुढे श्रीशैलला गेले. मंदिराच्या उत्तर गोपुराला आजही त्यांचेच नाव आहे. त्या काळी आणि त्यानंतर दोन शतके या डोंगरांत रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. यात्रेकरूंना वाट दाखवणे आणि रानात त्यांची राखण करणे हे काम चेंचूंकडे होते, त्याचा मोबदला ते घेत, अशा नोंदी इंग्रज अंमलदारांनी केल्या आहेत. सरकारी कागदांत कधी त्यांना वाटेचे रक्षक म्हटले गेले, तर कधी वाटमारे. लिहिणारा कोण आणि त्या वर्षी त्याचे चेंचूंशी कसे जुळले होते, यावर ते बहुधा ठरत असावे.

निजामाच्या राजवटीत या जंगलाला वेगळेच महत्त्व आले. शिकारीसाठी आणि उन्हाळ्यातील गारव्यासाठी अमराबादच्या पठारावर मुक्काम पडू लागले. ज्या जागेला स्थानिक लोक वाघांच्या पाणवठ्यावरून ‘पुल्लचेलमा’ म्हणत, तिचे नाव बदलून फरहाबाद, म्हणजे आनंदाचे ठिकाण, असे ठेवले गेले. नावातील हा बदल पुरेसा बोलका आहे. तेथे राहणाऱ्यांनी जागा ओळखली ती वाघ आणि पाणी यांवरून. पाहुण्यांनी ओळखली ती स्वतःच्या सुखावरून. ‘तेलंगणाचे अमरनाथ’ हे त्याच जातीचे नाव आहे.

याच काळात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हैदराबादला आला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्याच्याकडे जर्मन पारपत्र होते, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच्या हालचालींवर बंधने आली. निजामाच्या राज्यात मात्र त्याला काम करता आले. १९४० मध्ये तो पत्नीसह चेंचूंमध्ये जाऊन राहिला. त्याचा ‘द चेंचूज’ हा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हैदराबाद संस्थानातील आदिम जमातींवरील मालिकेतील तो पहिला खंड ठरला. अन्नाचा साठा न करता रोजच्या रोज रानातून अन्न मिळवणाऱ्या समाजाचे इतके तपशीलवार वर्णन भारतात क्वचितच झाले होते. हायमेनडॉर्फ नुसते लिहून थांबला नाही. ठेकेदार, सावकार आणि वनखाते यांच्या कचाट्यातून चेंचूंना सोडवण्यासाठी अमराबादच्या पठारावर त्यांच्यासाठी राखीव प्रदेश असावा, असा आग्रह त्याने धरला आणि निजाम सरकारने तो मान्यही केला. आज व्याघ्र प्रकल्पाचा गाभा ज्या जंगलात आहे, त्याच जंगलाची ही गोष्ट आहे.

वाघ, वणवा आणि जत्रा

स्वातंत्र्यानंतर १९७८ मध्ये नल्लमलाचे मोठे क्षेत्र अभयारण्य झाले आणि १९८३ मध्ये तेथे नागार्जुनसागर-श्रीशैलम व्याघ्र प्रकल्प आला. राज्याच्या विभाजनानंतर त्याचा तेलंगणातील भाग अमराबाद व्याघ्र प्रकल्प म्हणून वेगळा झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २,६०० चौरस किलोमीटर आहे. गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा आवाका कळेल. सलेश्वरम या प्रकल्पाच्या गाभ्यात येते. म्हणूनच एरवी तेथे जाणे कायद्याने निषिद्ध आहे. ‘गर्दी नसताना जाऊन येऊ’ म्हणून आडवाटेने शिरणाऱ्या गटांवर गुन्हे नोंदवले जाऊ शकतात, आणि ते योग्यच आहे.

जत्रेचे दिवस वाढवायला वनखाते का तयार नसते, हे एप्रिलमधील नल्लमला पाहिल्यावर समजते. ओढे आटलेले असतात. बारमाही पाण्याच्या ज्या थोड्या जागा उरतात, त्यांत सलेश्वरमसारख्या दऱ्या येतात, आणि जनावरेही पाण्यासाठी तेथेच येतात. नेमक्या त्याच जागी दिवसाला हजारो माणसे उतरली तर जनावरांना पाणी सोडून दूर राहावे लागते. दुसरी भीती वणव्याची. वाळलेल्या गवतावर टाकलेली एक विडी किंवा न विझवता सोडलेली एक चूल पुरेशी असते. तिसरा प्रश्न कचऱ्याचा. दरीत गेलेली बाटली कोणीतरी पाठीवर घेऊन वर आणली तरच वर येते. अमराबादमध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर आता बंदी आहे आणि नाक्यावर पिशव्या तपासल्या जातात. तरीही जत्रेनंतरच्या सफाईची छायाचित्रे दरवर्षी येतातच.

दिवस कमी केले की गर्दी दाटते आणि २०२३ सारखा प्रसंग ओढवतो. दिवस वाढवले की रान अधिक काळ उघडे राहते. भाविकांची मागणी वाढीव दिवसांची असते, खात्याची इच्छा उलट. या ओढाताणीत ज्यांचा देव आहे त्या चेंचूंचे मत निर्णायक ठरायला हवे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. दरी किती माणसे सोसू शकते, पाणी कधी आटते, कोणत्या उतारावर दगड सुटतात, याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाकडे नाही. वनखात्याने अनेक चेंचूंना राखणदार म्हणून कामावर घेतले आहे, म्हणजे हे ज्ञान खात्यालाही मान्य आहे. जत्रेचे दिवस ठरवताना ते किती ऐकले जाते, हाच काय तो प्रश्न.

यजमानच घर सोडताना

सलेश्वरमच्या निमित्ताने यापेक्षा मोठा प्रश्न समोर येतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील वस्त्या बाहेर हलवाव्यात, असे राष्ट्रीय धोरण आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या योजनेनुसार स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला १५ लाख रुपये किंवा जमीन-घरासह पुनर्वसन असे दोन पर्याय दिले जातात. अमराबादमधील काही गावांच्या स्थलांतराची प्रक्रिया गेली काही वर्षे सुरू आहे. कायदा याबाबत स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीनुसार स्थलांतर स्वेच्छेनेच व्हायला हवे, ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती हवी आणि त्यापूर्वी वनहक्कांची नोंद पूर्ण झालेली हवी. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने चेंचूंसारख्या गटांना आणखी एक हक्क दिला, तो अधिवासाचा. म्हणजे केवळ घराखालची जमीन नव्हे, तर जेथे ते वावरतात, कंद-मध मिळवतात आणि देवाला जातात, त्या सबंध प्रदेशावरील सामूहिक हक्क. देशात हा हक्क सर्वप्रथम मध्य प्रदेशातील बैगा समाजाला मिळाला.

चेंचूंमध्येही या विषयावर एकमत नाही. पैसे आणि जमीन मिळत असेल, मुलांना शाळा आणि आजाऱ्याला दवाखाना जवळ पडत असेल, तर बाहेर पडू असे म्हणणारी तरुण कुटुंबे आहेत. बाहेर गेलो तर हातातला मध आणि डिंक जाईल, पैसे वर्षभरात संपतील आणि आम्ही दुसऱ्याच्या शेतावरचे मजूर होऊ, असे म्हणणारे वडीलधारेही आहेत. रानातला मध आणि डिंक गिरिजन सहकारी महामंडळ विकत घेते. भाव कमी-जास्त असला तरी तो स्वतःच्या कष्टाचा पैसा असतो. बाहेरच्या माणसाने यात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न नाही. पण दरवर्षी हजारो पाहुण्यांना दरी खुली होत असताना यजमानांना मात्र घर सोडण्याचा पर्याय समजावून सांगितला जातो, यातील विसंगती कोणाच्याही लक्षात यावी.

२०१९ मध्ये या विसंगतीचा दुसरा चेहरा दिसला. अमराबादच्या ८३ चौरस किलोमीटर क्षेत्रात युरेनियमचा शोध घेण्याच्या प्रस्तावाला केंद्रीय पातळीवर तत्त्वतः अनुकूलता मिळाली. ज्या जंगलात चेंचूंची वस्ती वाघाला अडचणीची ठरते, तेथे विंधनविहिरी मात्र चालतील, असा त्याचा अर्थ निघत होता. चेंचूंनी विरोध केला. पुढे हैदराबादचे विद्यार्थी, कलावंत, खेळाडू आणि चित्रपट अभिनेतेही ‘नल्लमला वाचवा’ म्हणत पुढे आले. त्या सप्टेंबरमध्ये तेलंगण विधानसभेने युरेनियम खाणकामाविरुद्ध एकमताने ठराव केला. शहरातून रानात फिरायला येणाऱ्यांच्या आवडीचा चेंचूंना काही उपयोग होतो का, असे कोणी विचारले तर हे एक उत्तर देता येईल. ज्यांनी नल्लमला कधी पाहिलाच नव्हता, त्यांच्यासाठी तो नकाशावरचा हिरवा ठिपका होता. ज्यांनी पाहिला होता ते बोलले.

इतरांनी काय केले

आदिवासींचे पवित्र स्थान आणि पर्यटकांचे आवडते चढण यांचा संघर्ष जगात अन्यत्रही झाला आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी असलेला उलुरू हा प्रचंड तांबडा खडक तेथील अनांगू लोकांचा पूजनीय. १९८५ मध्ये सरकारने त्याची मालकी अनांगूंना परत केली, पण चढण्यास मुभा ठेवून. ‘आम्ही यावर चढत नाही, तुम्हीही चढू नका’ अशा आशयाची विनंती पायथ्याशी वर्षानुवर्षे लावलेली होती. शेजारून लोक चढतच राहिले. खडकावर रांगेने चढणाऱ्या पर्यटकांना अनांगू त्यांच्या भाषेत ‘मिंगा’, म्हणजे मुंग्या, म्हणत. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ रोजी चढाई कायमची बंद झाली. पर्यटक आजही येतात. आता ते खडकाला प्रदक्षिणा घालतात आणि अनांगू मार्गदर्शकांकडून त्याच्या कथा ऐकतात.

आपल्याकडे कळसूबाईचे उदाहरण जवळचे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच, १,६४६ मीटरचे हे शिखर अकोले तालुक्यातील बारी गावाच्या महादेव कोळ्यांचे दैवत आहे. कळसू नावाची मुलगी पाटलाघरी कामाला राहिली. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, ही तिची अट. ती मोडली गेली तशी ती डोंगरावर निघून गेली आणि तेथेच राहिली, अशी कथा. आज तेथे लोखंडी शिड्या आहेत, शनिवारी-रविवारी माणसांची झुंबड आहे आणि गावकऱ्यांना त्यातून चहा-जेवणाचे, वाटाड्याचे काम मिळते. चढाई बंद करावी असे बारीचे लोक म्हणत नाहीत. वर देवी आहे, याचे भान ठेवा, इतकेच त्यांचे म्हणणे.

सलेश्वरमची स्थिती या दोहोंहून निराळी आहे. लिंगमय्याच्या दर्शनाला परक्यांनी येऊ नये, असे चेंचू म्हणत नाहीत. उलट जत्रेत ते सर्वांचे स्वागत करतात. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. त्यांच्या देवरायांत जाताना पाळायचे नियम सांगे-केपे-काणकोणच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाहीत. चप्पल कुठे काढायची, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, हे त्याला ठाऊक असते. तीच समज सोबत घेऊन गेले की सलेश्वरमला फारसे चुकत नाही.

जायचेच असेल तर

जत्रेच्या तारखा दरवर्षी वनखाते आणि नागरकर्नूल जिल्हा प्रशासन जाहीर करतात. त्या आधी तपासाव्यात. पौर्णिमेच्या दिवशी गर्दी सर्वांत जास्त असते, म्हणून शक्य असल्यास तो दिवस टाळावा. पहाटे नाके उघडताच आत शिरणे आणि ऊन तापण्यापूर्वी दरी चढून परत येणे हा सर्वांत शहाणपणाचा क्रम. उतरताना दम लागत नाही, तो चढताना लागतो, आणि तेव्हा दुपार झालेली असते. हृदयविकार असणाऱ्यांनी, दम्याच्या रुग्णांनी आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी नीट विचार करून निघावे. पाणी धातूच्या बाटलीत न्यावे. काडेपेटी, विडी-सिगारेट आणि ध्वनिक्षेपक गाडीतच ठेवावेत. ड्रोन व्याघ्र प्रकल्पात चालत नाही.

कुंडात साबण लावून अंघोळ करू नये. तेच पाणी पुढे प्यायले जाते, माणसांकडूनही आणि जनावरांकडूनही. गुहेत पुजाऱ्याचा किंवा वाटेत वस्तीतल्या बायका-मुलांचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारावे. नाही म्हटले तर मोबाइल खिशात ठेवावा. चेंचू वयस्कांना तेलुगू रीतीप्रमाणे ‘अय्या’, ‘अम्मा’ म्हणून हाक मारली की बोलणे सोपे होते. दक्षिणा द्यायची ती पुजाऱ्याच्या हाती द्यावी. वाटेत कोणी चेंचू मध विकत असेल आणि घ्यायचा असेल, तर घासाघीस करू नये. तो मध कोणत्या कड्यावरून आणि कोणाच्या दोराच्या भरवशावर आला, हे वर सांगितलेच आहे.

चैत्र चुकला तर आषाढी एकादशीला, जिला तेलुगूत तोली एकादशी म्हणतात, याच जंगलातील लोद्दी मल्लय्याची गुहा भाविकांना खुली होते. तेथेही जाण्याचे नियम तसेच. आणि केवळ धबधबा आणि जंगल पाहायचे असेल, तर वटवर्लपल्लीजवळचे मल्लेलतीर्थम पर्यटकांसाठी खुले आहे. तिकीट काढून सुमारे साडेतीनशे पायऱ्या उतरल्या की पाण्यापाशी पोहोचता येते. पावसाळा संपत असताना ते सर्वांत चांगले दिसते. परतताना मन्ननूरचे नाके रात्री नऊपूर्वी ओलांडायचे आहे, हे लक्षात ठेवून वेळेचा हिशेब करावा.